बापाच्या मापाचं हाड

अनुक्रमांक एकशे बारा. "लहान हाड, एक नग. पाणकोंबडीचे असावे. तापीची दरड, सन १९९१. शेरा : निर्लेखित करावे."

धुळ्यातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात ही यादी भिंतीला चिकटवलेली होती, आणि तिच्यापुढे ज्योत्स्ना भामरे कमरेवर हात ठेवून उभी होती. निर्लेखित करायचं म्हणजे दप्तरातून नाव उडवायचं आणि वस्तू भंगारात काढायची. फुटक्या बरण्या, वाळवीने खाल्लेला मुंगूस, तीन पायांचं कासव, हे सगळं खुशाल जावो. पण एकशे बारा नंबर जाणार म्हटल्यावर तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"सर, या हाडाला नाव आहे," विभागप्रमुख हितेंद्रसरांच्या टेबलापुढे जाऊन ती म्हणाली. "चुकीचं लिहिलंय एवढंच."

हितेंद्रसर माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्यामागे कॉलेजच्या तपासणीची समिती लागली होती, आणि समिती मागे लागलेल्या माणसाला घरचीही माणसं ओळखू येत नाहीत. "दसऱ्यानंतर समिती येतेय, मॅडम. कपाटं रिकामी हवीत. दसऱ्यापर्यंत बरोबर नाव आणा. तोंडी नको, तज्ज्ञाच्या सहीचं आणा. नाहीतर ते बाकीच्यांबरोबर जाईल."

घट बसून दोन दिवस झाले होते. म्हणजे हातात उरले आठ. ज्योत्स्ना तासिका तत्त्वावर शिकवायची. हे काम तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, या लष्कराच्या भाकऱ्या तिने आपणहून थापायला घेतल्या होत्या. पण एकदा तव्यावर टाकलेली भाकरी अर्धी कच्ची सोडून उठणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिची आई म्हणायची, ही पोरगी लहानपणी रुसायचीसुद्धा मन लावून.

हाड होतं नखाएवढं. पक्ष्याच्या पायाच्या नळीचं खालचं टोक, जिथे बोटं जोडलेली असतात ते. ते सापडलं तेव्हा ज्योत्स्ना जन्मलीही नव्हती. गिरधर बोरसे सर, ज्यांना सगळे नाना म्हणत, तेव्हा या विभागात शिकवायचे. अमळनेरच्या उत्तरेला तापीच्या उंच दरडीत त्यांना चुनखडीचा एक गोळा मिळाला आणि तो फोडल्यावर आत हे हाड. दगड झालेलं, हजारो वर्षांपूर्वीचं. नानांनी भिंगाखाली पाहिलं आणि जाहीर केलं, हा कमळपक्षी आहे.

कमळपक्षी म्हणजे लांबलचक बोटांनी कमळाच्या, शिंगाड्याच्या पानांवर चालणारा पाणपक्षी. त्या बोटांपायी शास्त्रज्ञांनी त्याला कित्येक वर्षं पाणकोंबडीच्या गोतात बसवलं होतं. पुढे हाडं तपासली तेव्हा कळलं, स्वारी निघाली टिटवीच्या गणातली, आणि जवळचा नातलग कोण तर रंगीत पाणलावा. पायाच्या टोकाशी कमळपक्ष्याला एक मोठं भोक असतं आणि बोटांच्या तिन्ही गाठी जवळजवळ एका पातळीत पसरलेल्या असतात. पाणकोंबडीचं तसं नसतं. इजिप्तमध्ये फायूम नावाच्या वाळवंटी जागी तीन कोटी वर्षांपूर्वीचे कमळपक्षी सापडले, तेही असेच, पायांच्या टोकांवरून ओळखलेले. एवढ्या जुन्या घराण्याचा इतिहास नखाएवढ्या हाडांवर उभा आहे, आणि त्यातलं एक आपल्या तापीच्या काठी मिळालं असलं, तरी ते तीन पायांच्या कासवाबरोबर भंगारात जाणार होतं.

नानांनी १९९१ साली जळगावच्या एका परिषदेत हे मांडलं. भोक जुळत होतं, गाठी जुळत होत्या, जुळत नव्हतं ते माप. पुण्याच्या संग्रहातल्या कमळपक्ष्याच्या सांगाड्याचं हेच टोक पाच मिलिमीटर रुंद, आणि नानांचं हाड सहाला टेकलेलं. परीक्षकांनी लिहिलं, कमळपक्षी एवढा मोठा नसतो, पाणकोंबडीचा विचार व्हावा. नाना तीन दिवस वाद घालत राहिले. तेव्हापासून त्यांना सहकारी पाठीमागे 'कमळाबाई' म्हणायचे, आणि पुढे कोणीतरी हाडाच्या चिठ्ठीवरचं 'कमळपक्षी' लाल शाईने खोडून वर 'पाणकोंबडी' लिहिलं.

ज्योत्स्ना दुपारच्या एसटीने अमळनेरला गेली. नाना आता ब्याऐंशीचे. ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, डोळ्यांना कमी दिसत होतं, पण हाडाचा विषय निघताच ते ताठ झाले.

"पुण्याचा तो सांगाडा मीच पाठवलेला आहे," ते म्हणाले. "नव्वद साली. पारोळ्याच्या पुढे एक शिंगाड्याचं तळं आहे. तिथल्या म्हाताऱ्याने मला तो पक्षी तळ्याच्या पाळीतून, म्हणजे मातीच्या बांधातून, काढून दिला होता. माझा असा अंदाज आहे की ते पिल्लू होतं, पुरतं वाढलेलं नसावं. म्हणून माप कमी भरलं. तेव्हा डोक्यात आलं नाही, आणि आलं तेव्हा माझं ऐकणारं कोणी राहिलं नव्हतं. तुला पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचं हाड मिळालं ना, तर सगळं जुळेल."

"आणते," ज्योत्स्ना म्हणाली.

"बाई, आठ दिवसांत?"

"सात, नाना. आजचा गेला."

दुसऱ्या दिवशी जळगावला जाऊन तिने वनखात्याचं पत्र मिळवलं. आपोआप मेलेल्या पक्ष्याची हाडं अभ्यासासाठी घेता यावीत म्हणून ते लागतं. साहेब मीटिंगमध्ये होते, मग जेवायला गेले, मग पुन्हा मीटिंगमध्ये. ती दारासमोरच्या बाकावरून उठली नाही. संध्याकाळी साहेबांनी सही केली ती बहुधा तिला बाकावरून उठवण्यासाठीच.

पारोळ्यापुढचं ते तळं मोठं नव्हतं, पण काठोकाठ भरलेलं आणि शिंगाड्याच्या पानांनी झाकलेलं. नवरात्राच्या उपासांमुळे शिंगाड्याला उठाव होता. झिपरू आबा रबरी ट्यूबवर बसून पाण्यात वेल उलटे करत होते, आणि त्यांची बायको बेबाबाई काठावर शिंगाडे निवडत होती. नव्वद साली नानांना पक्षी देणारा म्हातारा म्हणजे या झिपरू आबांचा बाप.

ज्योत्स्नाने काम सांगितलं, पाळीतून तसाच एक पक्षी काढून हवा होता. आबा पाण्यातूनच म्हणाले, "पाळले हात लावाना नही. तळं भरेल शे. पाळ फुटनी ते बठ्ठा शिंगाडा वाही जाई."

"बाहेरना अंगले खंदा ना, आबा. इतलुसं." ज्योत्स्नाचं माहेर खेड्यातलं, तिची जीभ आपोआप तिकडच्या बोलीकडे वळली.

"नही म्हंतं ना."

नाही तर नाही. ती बेबाबाईशेजारी बसली आणि शिंगाडे निवडू लागली. ओल्या शिंगाड्याला काटे असतात हे तिला माहीत होतं. ते किती असतात हे दोन तासांत कळलं. दुसऱ्या दिवशी ती बोटांना पट्ट्या बांधून पुन्हा आली आणि पुन्हा बसली. बेबाबाईने काटे कमी असलेला ढीग तिच्याकडे सरकवला. तिसऱ्या दिवशी आबाच पाण्यातून बाहेर आले.

"कोन धाडं व्हतं तुले?"

"गिरधर नानानी."

"नाना जित्ता शेतस?" आबांचा चेहरा बदलला. "मन्हा बाप त्यास्ले लई मानें. पहिलेच सांगती ना, पोरी."

हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं हे तिला कळलं, आणि बोटांची आग जरा जास्तच जाणवली. पत्र, शिक्का, जावक क्रमांक, सगळं दाखवून झालं होतं. नाव तेवढं राहिलं होतं.

आबांनी पाळीच्या बाहेरच्या अंगाला, एका उभ्या दगडापाशी खुरपीने माती उकरली. उकरता उकरता सांगितलं. हे पाखरू आमच्या पानांवर फिरतं, किडे खातं. ते अंड्यांवर बसल्या जागी मेलं, तर या घरात त्याला फेकत नाहीत. पाळीत पुरतात. आबांच्या आज्यापासूनची रीत. ज्याने जागा सोडली नाही त्याची जागा पाळीत, कारण पाळीनेही जागा सोडायची नसते.

"पोटना पोरेस्नी मायासारखी माया शे आम्हनी त्यास्वर," आबा म्हणाले, आणि मातीतून एक बारीक, तपकिरी झालेला सांगाडा हातावर घेतला. पायाची नळी शाबूत होती. हाडांची टोकं नीट जुळलेली, कडा कठीण. हे पिल्लू नव्हतं. चांगला वाढलेला, म्हातारा म्हणावा असा पक्षी होता.

ज्योत्स्नाने पिशवीतून मोजपट्टी काढली. तीन वेळा मोजलं. भोक जुळत होतं, गाठी जुळत होत्या. माप आलं पाच मिलिमीटर.

ती तिथेच पाळीवर बसली. म्हणजे नानांचा पिल्लाचा अंदाज खोटा ठरला होता, आणि परीक्षक खरे ठरले होते. पूर्ण वाढलेला कमळपक्षीही पाचच भरत होता. तिला पहिल्यांदा वाटलं, आपण चुकलो. आणि लगेच वाटलं, चुकलो असू तर ते नानांना आपणच जाऊन सांगायचं, दुसऱ्या कोणाला सांगू द्यायचं नाही. त्या म्हाताऱ्या माणसाच्या ओट्यावर हे वाक्य कसं बोलायचं याचा विचार करताना तिचे डोळे भरून आले.

"काय व्हयनं?" आबांनी विचारलं.

"बारीक शे, आबा. माले यान्हापेक्षा मोठा पाहिजे व्हता."

"मोठा कोठून ऱ्हाई? बाप शे ना तो."

ज्योत्स्नाने वर पाहिलं. "बाप?"

"आंडास्वर बापच बसस. पोरेस्ले बापच फिरावस. बाई आंडा देस नि निंघी जास, दुसरा घर. म्हनीसन पाळमा बठ्ठा बापच शेतस." आबांनी हाताने उंची दाखवली. "बाई मोठी ऱ्हास. बापना दीडपट. लांबूनबी वळखू येस."

ज्योत्स्नाने कपाळावर हात मारून घेतला, आणि तो चांगला जोरात मारला. कमळपक्ष्यात मादी मोठी, नर अंडी उबवतो, हे ती दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवायची. परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्न काढायची. रंगीत पाणलाव्यातही तसंच, हेही वर सांगायची. आणि मोजपट्टी हातात घेतल्यावर ते एकदाही आठवलं नव्हतं. नानांना आठवलं नव्हतं, परिषदेच्या परीक्षकांना आठवलं नव्हतं. आठवणार तरी कसं? पुण्याचा एकुलता सांगाडा याच पाळीतून गेलेला, आणि या पाळीत आज्यापासून फक्त बाप पुरलेले. तेहतीस वर्षं सगळी शहाणी माणसं एका घराच्या रीतीने निवडलेला पक्षी हातात धरून म्हणत होती, कमळपक्षी एवढाच असतो.

"आबा, बाई मरनी तर तिले कोठे पुरतस?"

"तिले कोन पुरी? ती ते आंडा टाकी निंघी गयी. फेकी देवानी काटास्मा."

मग संपलं. काट्यांत फेकलेलं कोल्ह्याकुत्र्यांनी नेलं असणार. मोठा पक्षी डोळ्यांपुढे तळ्यावर चालत होता, आणि त्याच्या पायाचं हाड कुठेच नव्हतं. जिवंत पक्ष्याला हात लावायचा विचारही तिच्या मनात आला नाही. दसऱ्याला तीन दिवस उरले होते.

"फेकी देवानी म्हने!" मागून आवाज आला.

बेबाबाई होती. तीन दिवसांत ज्योत्स्नाने तिचा आवाज फारसा ऐकला नव्हता. ती शिंगाड्यांची पाटी खाली ठेवून उभी राहिली होती.

"मी पुरेल शे एक," ती म्हणाली. "दोन साल व्हयनात. लाइटना तारले धडकनी नि पडनी. शेपटीनं पीस अर्धं तुटेल व्हतं, मी वळखू तिले. त्या सालले चार घर भरी दिधात तिनी. चार बापेस्ले पोरे दिधात. कावळा उना का तीच धावे, बाप ते पोरे पंखखाले लई बसे. नि मरनी म्हनीसन काटास्मा? मूठभर माती नको का तिले?"

झिपरू आबा तिच्याकडे बघतच राहिले. "तू माले सांगं नही."

"तुम्ही इचारं नही."

घराच्या मागे हातपंपापाशी केळीचं एक बेट होतं. त्याच्या बुडाशी बेबाबाईने स्वतः माती उकरली. खुरपी आबांच्या हातात होती, तिने ती घेतली. लुगड्याच्या हिरव्या चिंधीत गुंडाळलेली हाडं निघाली. ज्योत्स्नाने पायाची नळी उचलून मोजपट्टीत धरली.

सहाला टेकलेलं. नानांच्या हाडाच्या रेषेला रेष.

तिने वाकून बेबाबाईच्या पायाला हात लावला, तशी बेबाबाई संकोचून मागे सरली आणि म्हणाली, "काम व्हयनं म्हंजे परत आनी दे. डबामा नको कोंडू तिले."

"एक पायनं हाड ठेवनं पडी, माय. त्याबिगर कोनी मानाव नही. बाकी बठ्ठं आनी दिसू."

बेबाबाईने विचार केला. "ठीक शे. पन कागदवर लिखजो, बाई शे म्हनीसन. नहीतं तिले परत कोनी बापच समजी."

त्याच रात्रीच्या गाडीने ज्योत्स्ना पुण्याला गेली. हिरवी चिंधी आणि एकशे बारा नंबरचं हाड तिने मांडीवरच्या पर्समध्ये ठेवलं होतं, आणि शेजारच्या बाईने दोनदा सुचवूनही पर्स वर ठेवली नाही. पुण्याच्या तज्ज्ञ बाईंनी दोन्ही हाडं शेजारी शेजारी मांडली, नव्वद सालचा सांगाडाही काढला, आणि दिवसभर मोजत राहिल्या. घाईने हो म्हणणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र दिलं. सदर जीवाश्म पाणकोंबडीचा नसून कमळपक्ष्याच्या कुळातला आहे, आजच्या मादीच्या मापात बसतो, जाती ठरवण्यास आणखी अभ्यास हवा. खाली सही, तारीख, शिक्का. मग त्यांनी नव्वद सालच्या सांगाड्याच्या चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने एक शब्द वाढवला : नर.

दसऱ्याच्या सकाळी विभागात पूजेला आलेल्या हितेंद्रसरांनी पत्र दोनदा वाचलं आणि यादीतला एकशे बारा नंबर पेनने खोडला. "मॅडम, तुम्ही ऐकत नाही कोणाचं," ते म्हणाले. पण कपाटाची किल्ली त्यांनी स्वतः शोधून दिली.

संध्याकाळी तिने अमळनेरला नानांना पत्र वाचून दाखवलं, आणि पाळीची, केळीच्या बेटाची सगळी हकीकत सांगितली. नाना रडतील असं तिला वाटलं, पण ते हसले, खांदे हलेपर्यंत हसले.

"म्हणजे तेहतीस वर्षं आम्ही तिला बापाचं माप लावत होतो," ते म्हणाले. "आणि ती बसत नव्हती तर तिलाच चूक म्हणत होतो." मग त्यांनी सोनं म्हणून आणलेलं आपट्याचं पान तिच्या हातात ठेवलं आणि तिचा पट्ट्या बांधलेला हात सोडला नाही. तेव्हा मात्र त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "माझं खरं होतं ना गं?"

"खरं होतं, नाना."

चार दिवसांनी ती तळ्यावर गेली. कपाटातल्या नव्या चिठ्ठीचा फोटो तिने मोबाइलवर बेबाबाईला दाखवला आणि वाचून दाखवला. "कमळपक्ष्याचे कूळ, जीवाश्म. शोध : गिरधर बोरसे. तुलनेसाठी : कमळपक्षी, मादी. जतन : बेबाबाई." बेबाबाईने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, यातली ती कोणती आणि मी कोणती. ज्योत्स्नाने दोन्ही शब्द दाखवले.

मग हिरवी चिंधी तिने परत केली. बेबाबाई ती घेऊन केळीच्या बेटाकडे निघाली, तेवढ्यात झिपरू आबांनी हाक मारली. ते पाळीच्या बाहेरच्या अंगाला, त्या उभ्या दगडापाशी कुदळ घेऊन उभे होते.

"तठे नको," ते बायकोला म्हणाले. "आठे लई ये. पाळमा."

बेबाबाई थांबली. नवऱ्याकडे पाहिलं, चिंधीकडे पाहिलं. मग पाळीवर आली. आबांनी कुदळीने वीतभर माती काढली आणि तिच्याकडे बघत थांबले.

"अजून खंदा," बेबाबाई म्हणाली. "ती मोठी शे."